कड्यावर जायचा ऐतवार

सारजाबाई ढेबे वारल्या त्याला येत्या कार्तिकात दोन वर्षं होतील. मी त्यांना मावशी म्हणायचे. मी विंझरची, वर्षाराणी. आशाताई म्हणून काम करते. माझ्याकडं ज्या वस्त्या आहेत त्यातली सगळ्यात उंचावरची वस्ती त्यांची. डांबरी रस्ता संपतो तिथं स्कूटी लावायची आणि पुढं दीड तास चढायचं. वर धनगरांची सहा घरं, गोठे, शेरडं, म्हशी. पावसाळ्यात कुठलं घर कुठं आहे तेही धुक्यात दिसत नाही.

मावशींचे मालक रायबातात्या. अंगानं किडमिडीत, पण चालायला लागले की तरण्या पोरांना मागं टाकतील. वस्तीच्या मागं आणखी दोन तास चढून गेलं की घारीचा कडा लागतो. आमच्या वेल्ह्याकडचा डोंगर तिथं एकदम तुटतो आणि खाली पलीकडं भोर तालुक्यातली वेळवंडी नदी दिसते. नदी तिथं एका टेकाडाला पूर्ण वळसा घालून पुढं धरणाच्या पाण्याला मिळते. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याची चार पोरं वाट चुकून वस्तीवर आली होती. तात्यांनी त्यांना कड्यावर नेऊन आणलं. त्यांनी आणखी दहाजणांना सांगितलं. मग मोबाईल आले, फोटो आले आणि दर शनिवारी-रविवारी माणसं यायला लागली. तात्या त्यांना वर न्यायचे आणि मावशी खाली अंगणात त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करायच्या.

मावशींच्या हातची भाकरी खाल्लेली माणसं पार मुंबईपासून असतील. उतरून दमूनभागून यायची, अंगणात पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "काय नजारा आहे हो मावशी! तुम्ही काय, रोज बघत असाल."

मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या, "व्हय तर."

एकदा मी तिथंच बसले होते. माणसं गेल्यावर सहज विचारलं, "मावशी, कड्यावरनं खरंच एवढं चांगलं दिसतं का?"

"मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "म्या कुठं बघितलंय."

मला वाटलं चेष्टा करतात. पण खरंच त्यांनी कडा बघितला नव्हता. लग्न होऊन या वस्तीवर येऊन चाळीस वर्षं झाली होती. कड्यावर गवत नाही, पाणी नाही, जळण नाही. नुसता कातळ आणि वारा. जिथं काही आणायचं नाही तिथं बाईमाणसानं जायचं कशाला? चाळीस वर्षांत त्या दिशेला जायचं काम एकदाही निघालं नाही. आणि अलीकडं काम निघालं ते असं, की कड्यावर माणसं गेली की मावशींनी चुलीपुढं बसायचं.

मावशींचं माहेर नदीच्या पलीकडच्या अंगाला, जांभूळमाळ नावाच्या वस्तीवर. सोळाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा वऱ्हाड डोंगर ओलांडून दुसऱ्या खिंडीनं चालत आलं होतं. पदर नाकापर्यंत ओढलेला. "पायाखालचे दगड दिसले तेवढेच," त्या सांगायच्या. "मागं वळून बघाय गेले तर सासू म्हनली, खाली बघून चाल." आई-बाप लवकर गेले. भाऊ भिमा शिरवळकडं कंपनीत कामाला लागला, तिकडंच राहिला आणि तिकडंच वारला. घर पडलं. त्यानंतर मावशींनी माहेरचं नाव काढायचं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाय कोन तिथं? कुनाकडं जाऊ?"

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. एक पुण्याची मुलगी कड्यावरनं उतरली आणि मावशींच्या शेजारी बसून मोबाईलवर फोटो दाखवायला लागली. मावशी एरवी फोटो बघून हसायच्या आणि कामाला लागायच्या. त्या दिवशी त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि मोबाईल हातात घेतला. मुलीनं दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवला. नदीच्या पलीकडच्या काठावर पांढरा ठिपका होता आणि त्याच्याजवळ एकच मोठं झाड.

"ह्यो आमचा भैरवनाथ," मावशी म्हणाल्या. "आणि ह्ये आंब्याचं झाड."

"तुमचं गाव आहे का तिथं?" मुलीनं विचारलं.

मावशी मोबाईलचा उजेड विझेपर्यंत तो धरून बसल्या. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्या द्यायला वर गेले तर नवरा-बायकोचं तेच चाललं होतं.

"आली बग तुजी डाक्तरीन," तात्या म्हणाले. "इचार तिलाच. वर्षाताई, हिला कड्यावर जायचंय म्हनं."

ते हसत होते. मावशी हसत नव्हत्या. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांचंही हसू विरलं.

"आवो, अठरा वर्सं झाली, सगळ्या दुनियेला दावून आनला," मावशी म्हणाल्या. "आमाला बी न्या की एकदा."

"आगं, पन कदी बोलली न्हाईस."

"बोलले व्हते. दोनदा. तुमी म्हनला, तितं काय हाय, नुसता वारा."

तात्यांना ते आठवत नव्हतं. मावशींना दोन्ही वेळा आठवत होत्या. एकदा लेक रत्ना पोटात असताना आणि एकदा सासू गेली त्या साली.

मावशींना तीन वर्षांपासून बीपीचा त्रास होता. खाली आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती आणि ती पोचवायचं काम माझं. पण मावशी गोळी बरं वाटलं की बंद करायच्या आणि डोकं दुखलं की घ्यायच्या. त्या दिवशी मी मशीन लावलं तर आकडा खूप वर गेला होता. शिवाय गुडघे.

मी म्हणाले, "मावशी, आठ दिवस रोज न चुकता गोळी घ्या. मीठ कमी करा. पुढच्या शनिवारी मी येते, बीपी बघते. खाली आलं असेल तर जायचं. हळूहळू."

"आन न्हाई आलं तर?"

"येईल की."

असं ठरलं. रविवार नक्की झाला, तुळशीचं लग्न उरकल्यावरचा. तात्यांनी लगेच हिशेब मांडला. लोकांना दोन तास लागतात, सारजीला चार लागतील. उजाडताना निघायचं, उन्हं तापायच्या आत निम्मं अंतर मारायचं. पाच ठिकाणी बसायचं. पहिल्यांदा हिरड्याच्या झाडाखाली, मग झऱ्यावर, मग मोठ्या खडकाच्या सावलीत, कारवीच्या रानाच्या तोंडाशी आणि शेवटी घसरणीच्या खाली. वर तास-दीड तास थांबायचं, भाकरी खायची आणि तीनच्या आत उतरायला लागायचं. शेरडं-म्हशींचं बघायला मार्गासनीहून लेक रत्ना आदल्या दिवशी येणार.

पुढचे आठ दिवस त्या घरात लगीनघाई चालली होती. तात्या रोज दुपारी पहार आणि कुदळ घेऊन वर जायचे. घसरणीवर माती निसरडी आहे, तिथं त्यांनी दगड बसवून पायऱ्या केल्या. एका वीतभर उंचीच्या. कोंडिबा म्हणून शेजारी आहेत, ते म्हणाले, "एवड्या बुटक्या पायऱ्या कशाला? दुप्पट दगड लागत्यात." तात्या म्हणाले, "तिचा पाय वीतभरच उचलतोय." अठरा वर्षांत एवढी माणसं घसरली, खरचटली, पण तिथं पायरी करावी असं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मावशीही काही कमी नव्हत्या. रोज सकाळी हिरड्यापर्यंत चालून यायच्या. गुडघ्याला तेल लावायच्या. लेकीनं स्वतःचे कॅनव्हासचे बूट धाडले, ते घालून अंगणात चालून बघितले आणि एवढ्या हसल्या की खाली बसल्या. कुठलं लुगडं नेसायचं त्यावर दोन दिवस गेले. शेवटी हिरवं ठरलं. भैरवनाथासाठी नारळ आणून ठेवला. कड्यावर उभं राहून लांबूनच वाढवायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं.

मी शनिवारी गेले. बीपी चांगलं खाली आलं होतं. मी म्हणाले, "मावशी, पास झालात. जावा उद्या."

मावशींनी माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

मी चहा पीत होते. तेवढ्यात तात्या वरच्या टेपावरनं, म्हणजे घरामागच्या उंचवट्यावरनं, आले. वस्तीवर फोनला रेंज नाही, दिवसातनं एकदा त्या टेपावर जाऊन बघावं लागतं. त्यांचा चेहरा बघूनच मावशींनी विचारलं, "काय झालं?"

पुण्याचा एक चाळीसजणांचा गट उद्या येणार होता. तात्यांनीच महिन्याभरापूर्वी शब्द दिला होता आणि ते विसरून गेले होते. गाडी ठरली होती, माणसं ठरली होती. त्यात म्हातारी माणसं होती, शाळेतल्या पोरी होत्या.

"न्हाई म्हनून सांगतो," तात्या म्हणाले. "जातो परत वर, फोन करतो."

"आता कुठं न्हाई म्हनता?" मावशी म्हणाल्या. "माणसं लांबनं येत्यात. कोंडिबाला वाट धड ठावं न्हाई, कुनी पडलं-झडलं तर? न्या त्यांस्नी. कडा काय पळून जातोय? पुडल्या ऐतवारी जाऊ."

तात्या उभेच राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काय करू, ताई?"

मी तेव्हा "तात्या, मावशींना न्या" असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "एका आठवड्यानं काय बिघडतंय? उलट आणखी आठ दिवस गोळ्या पोटात जातील."

रत्ना आलीच होती. ती आईबरोबर भाकरी करायला बसली. चाळीस माणसांच्या शंभरावर भाकरी. रविवारी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मावशी चुलीपुढनं उठल्या नाहीत. माणसं उतरली, हातपाय धुऊन पानावर बसली. त्यातली एक बाई म्हणाली, "मावशी, नशीबवान आहात तुम्ही. आम्हाला वर्षातनं एकदा बघायला मिळतं."

रत्ना सांगते, आई त्या दिवशी नेहमीसारखं "व्हय तर" म्हणाली नाही. म्हणाली, "न्हाई बाय, म्या अजून बघितलाच न्हाई. पुडल्या ऐतवारी जानार हाय. ह्येंनी पायऱ्या केल्यात माज्यासाठी." मग तिनं एकेकाला ते सांगितलं. भाकरी वाढता वाढता चाळीसजणांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी लाजून आत पळाल्या.

बुधवारी सकाळी म्हैस पिळताना मावशी एका अंगावर कलंडल्या. तात्या शेरडं सोडत होते. चरवी पडल्याचा आवाज आला म्हणून बघितलं. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. तात्या टेपावर पळाले आणि मला फोन केला. "वर्षाताई, सारजी बोलत न्हाई," एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

मी एकशे आठला फोन केला आणि रस्त्याच्या टोकाशी जाऊन थांबले. वस्तीवरच्या चौघांनी मावशींना घोंगड्यात घालून, घोंगडं बांबूला बांधून खाली आणलं. सव्वा तासात आणलं. त्याहून लवकर कुणाला जमलं नसतं. वेल्ह्याला नेलं, तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, बघू.

रत्ना कपडे आणायला वस्तीवर गेली तेव्हा तिला फळीवर गोळ्यांचं पाकीट सापडलं. तिनं ते माझ्या हातात दिलं. शनिवारनंतरच्या गोळ्या तशाच होत्या. रत्ना म्हणाली, "आईला म्या रविवारी इचारलं व्हतं. म्हनली, गोळी घेतली की गरगरतंय, एवड्या भाकरी कशा व्हायच्या? ह्यो ऐतवार झाला की घेते."

ते पाकीट मी कुणाला दाखवलं नाही. तात्यांनाही नाही. मी आशा आहे, गोळी घेतली का हे विचारणं हेच माझं काम, आणि शनिवारनंतर मी वर गेलेच नव्हते. "एका आठवड्यानं काय बिघडतंय" हे शब्द माझेच होते. पुष्कळ दिवस मला जेवताना ते आठवायचे आणि मी ताटावरनं उठायचे.

मावशी पाच दिवस होत्या. बोलणं गेलं होतं. डोळे उघडायच्या, डाव्या हातानं हात धरायच्या. माणूस ओळखत होत्या असं मला वाटतं.

रविवार आला. मी आणि रत्ना कॉटच्या एका बाजूला, तात्या दुसऱ्या बाजूला. सकाळची वेळ होती, वॉर्डात झाडलोट चालली होती. तात्यांनी मावशींचा डावा हात हातात घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सारजे, ऐतवार हाय आज. चल, निगू."

मला वाटलं, तात्यांचं भान गेलं. पण तसं नव्हतं.

"गोठ्याच्या मागनं निगालो बग. तुजं बूट चावत्यात का? न्हाई ना? हळू. ह्यो हिरडा. बस घटकाभर. पानी पी. उठ आता. ह्यो झरा. कार्तिकात बी पानी हाय बग त्याला. तोंड धू."

मावशींचे डोळे त्यांच्यावर होते. तात्या सगळी वाट बोलत होते. कुठं काटा आहे, कुठं वाकायचं, कुठं कारवीची फांदी धरायची. पाचही ठिकाणी त्यांनी मावशींना बसवलं. घाई केली नाही. आजूबाजूच्या कॉटवरची माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली.

"आता घसरन. भिऊ नगंस. पायऱ्या केल्यात म्या. एक. दोन. गुडगा दुकतोय? थांब. आता तीन."

एकवीस पायऱ्या त्यांनी मोजल्या.

"आलो. आला बग कडा. माजा हात सोडू नगंस. आता बग, खाली..."

आणि तात्या थांबले.

आम्हाला वाटलं दम लागला. मावशी त्यांच्याकडं बघत होत्या. तात्या दोनदा "खाली" म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली.

"सारजे, म्या कदी बघितलंच न्हाई गं," ते म्हणाले. "म्या कड्याकडं पाट करून उबा ऱ्हायचो. लोकांच्या पायाकडं बघत. कुनी घसरू नये म्हनून. तुजा द्येव कुठल्या अंगाला हाय, झाड कुठं हाय, मला न्हाई म्हाईत."

मावशींनी त्यांचा हात दाबला की नाही, मला सांगता येत नाही. रत्ना म्हणते दाबला. मला दिसलं ते एवढंच, की त्यांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी कानापर्यंत गेलं आणि तात्यांनी ते टोपीनं पुसलं.

सोमवारी पहाटे मावशी गेल्या.

गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत आली. तिथून वस्तीवर पुन्हा खांद्यावर. हिरवं लुगडं नेसवलं. तात्या रडले नाहीत. सगळं जे करायचं ते करत गेले.

सावडल्यावर राख गाडग्यात भरून, फडक्यात बांधून ठेवली. कुणी म्हणालं, त्यांची कड्यावर जायची इच्छा होती, तर कड्यावरनंच सोडा. तात्या इतका वेळ कुणावर आवाज चढवून बोलले नव्हते, ते तेव्हा बोलले. "वरनं फेकू? ती काय केर हाय?" मग म्हणाले, "तिच्या गावच्या पान्यात सोडनार. एस्टीनं जानार."

तिघंच गेलो. तात्या, रत्ना आणि मी. मी का गेले हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सकाळी सहाला निघालो. वेल्ह्याच्या एस्टीनं नसरापूर फाटा, तिथून भोर, भोरहून नदीच्या खोऱ्यात जाणारी गाडी. तात्यांनी गाडगं मांडीवर धरलं होतं. कंडक्टरनं बघितलं आणि न बोलता पुढची जागा दिली.

बाराला आम्ही शेवटच्या थांब्यावर उतरलो. तात्यांनी रत्नाला विचारलं, "आलं?"

"आलं. कंडक्टर म्हनला, पुडं अर्धा तास चालायचं."

"एवडंच व्हतं?" तात्या म्हणाले. "तीन एस्ट्या?"

चाळीस वर्षांत ते बायकोला घेऊन एकदाही इकडं आले नव्हते. सासू-सासरे गेले तेव्हा निरोप पोचेपर्यंत सगळं झालं होतं. नंतर मेहुणा नव्हता, घर नव्हतं. डोंगराच्या पलीकडं म्हणजे त्यांना फार लांब वाटायचं.

जांभूळमाळावर घरं अशी उरली नव्हतीच. दोन-तीन जोती, त्यात निवडुंग आणि कडेला एकच राहतं घर. पण भैरवनाथाचं देऊळ नीट होतं, नुकताच चुना दिलेला. आंब्याच्या झाडाखाली एक म्हातारी शेरडं राखत बसली होती. आम्हाला बघून तिनं कपाळावर हात धरला.

"कुठली मंडळी?"

"वेल्ह्याकडची," मी म्हणाले.

"वेल्ह्याकडची?" म्हातारी काठीवर भार देऊन उठली. "वेल्ह्याकडं आमची सारजा दिलीया. भिमाची भन. ढेब्यांच्यात. वळखता का कुनी?"

 रत्ना पुढं होऊन म्हणाली, "म्या तिची लेक."

म्हातारीनं काठी टाकली. दोन्ही हातांनी रत्नाचं तोंड धरलं. "आगं बया! त्येच नाक, त्येच डोळं. म्या फुलाबाई. तुझ्या आईनं सांगितलं असंल की. आमी दोगी ह्या पान्यात पवायचो. एका ताटात जेवायचो. कुठं हाय ती? मागं ऱ्हायली का? लई चालवत न्हाई व्हय आता तिला?"

ती आमच्या मागं वाटेकडं बघत होती. मग तिची नजर तात्यांच्या हातावर आली. फडक्यात बांधलेल्या गाडग्यावर.

फुलाबाई मटकन खाली बसली. आणि तिनं जो टाहो फोडला, तसा मावशींसाठी आजवर कुणी फोडला नव्हता. माहेरचं माणूस रडतं तसं, नाव घेऊन, लहानपणीच्या खोड्या घेऊन. "सारजे, म्या दर जत्रंला वाट बघत व्हते गं. मनात म्हनायचे, भिमा न्हाई तर काय झालं, म्या हाय की. आवंदा येईल, आवंदा येईल..."

तेव्हा तात्या रडले. उभ्या उभ्या गाडगं छातीशी धरून. मी इतकी माणसं मरताना बघितली, त्यांच्या घरच्यांना रडताना बघितलं, पण तसं रडणं ऐकलं नाही. रत्ना त्यांना धरायला गेली तर त्यांनी तिला हातानं लांब केलं.

बऱ्याच वेळानं फुलाबाईच उठली. तिनं घरातनं हळद-कुंकू आणलं. एक खण आणला. कुणासाठी घेतलेला होता कोण जाणे. आमच्या पुढं होऊन तिनं नदीची वाट दाखवली. तात्या गुडघाभर पाण्यात उतरले, राख सोडली. फुलाबाईनं हळद-कुंकू पाण्यात वाहिलं आणि खणानं रत्नाची ओटी भरली. म्हणाली, "आई न्हाई म्हनून तू येयाची ऱ्हाऊ नगंस. ह्ये तुजं आजोळ हाय."

परत वर येताना तात्या थांबले आणि त्यांनी डोंगराकडं बघितलं. समोर आमची सगळी रांग पसरली होती. त्यांनी फुलाबाईला विचारलं, "ह्यातला घारीचा कडा कुठला?"

फुलाबाईनं बोट दाखवलं. तात्या बघत राहिले. त्यांना तो पटकन सापडेना. तिनं पुन्हा दाखवला.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो.

त्यानंतर तात्यांनी कड्यावर माणसं नेणं सोडलं. आता कोंडिबा नेतात. म्हशी विकल्या, शेरडं तेवढी ठेवली. रत्ना मार्गासनीला चला म्हणून मागं लागते, ते जात नाहीत. मी महिन्यातनं दोनदा वर जाते. आता त्यांचंही बीपी वाढलंय. गोळी माझ्यासमोर घ्यायला लावते. ते तोंड उघडतात, गिळतात, तांब्या खाली ठेवतात.

रत्ना दोन्ही वर्षी चैत्रातल्या जत्रेला आजोळी जाऊन आली. फुलाबाई तिला आठ दिवस ठेवून घेते. यंदा निघताना ती बापालाही चला म्हणाली. तात्या शेरडांच्या मागं निघून गेले. नंतर मी त्यांना विचारलं, "तात्या, का जात नाही तुम्ही? तीन एस्ट्या तर आहेत."



"कुठल्या तोंडानं जाऊ, ताई?" ते म्हणाले.